परसबाग : उन्हाशी सख्य असलेली फुलझाडे

सातपुड्याच्या कुशीत वसलेले धडगाव हे अक्राणी तालुक्याचे मुख्य ठाणे. उत्तरेस नर्मदेचे खोरे, दक्षिणेस डोंगर उतरले की तळोदा-शहाद्याची सपाटी, आणि मधल्या दऱ्याखोऱ्यांतून विखुरलेले भिल्ल-पावरा बांधवांचे पाडे. या बाजारगावात पावसाचे चार महिने वगळले तर वर्षाचे उरलेले आठ महिने उन्हाचीच सत्ता असते. आमचूर हे या तालुक्याच्या बाजाराचे एक प्रमुख जिन्नस. कैरीच्या फोडी ज्या कडक उन्हात वाळतात, त्याच उन्हात घरामागची हौशीने लावलेली बागही वाळते, हा येथील बहुतेक घरांचा अनुभव असतो.

पुढे दुकान, मागे घर आणि घराच्या मागे दहा-पंधरा हात मोकळी जागा, ही बाजारगावातील व्यापारी घरांची जुनी ठेवण. पावसाळ्याच्या तोंडावर कोणीतरी शहाद्याहून अथवा नंदुरबारहून येताना रोपवाटिकेतली चार-सहा टवटवीत रोपे घेऊन येतो. आषाढ-श्रावणात ती जोमाने वाढतात, दिवाळीपर्यंत फुलतात, माघात मलूल होतात आणि चैत्रात वाळलेल्या काटक्या उपटून टाकण्याची वेळ येते. पुढच्या वर्षी पुन्हा नवी रोपे, पुन्हा नवी खणणी. अशा बागेत दोष पाणी घालणाऱ्या गृहिणीचा नसतो आणि जमिनीचाही नसतो. दोष निवडीचा असतो. थंड हवेची अथवा एकाच हंगामाची झाडे उन्हाच्या राज्यात आणून बसविली, की ती टिकावीत अशी अपेक्षाच करता येत नाही.

भांडवल आणि चालू खर्च

व्यापारी घराला हा भेद हिशेबाच्या भाषेत लवकर उमगेल. झेंडू, अॅस्टर, बाल्सम यांसारखी हंगामी झाडे म्हणजे चालू खर्च. बी पेरायचे, रोप करायचे, फुले घ्यायची आणि झाड उपटायचे; दर वर्षी खाते पुन्हा शून्यापासून सुरू होते. जास्वंद, तगर, मोगरा, कोरांटी, बोगनवेल ही बहुवर्षायू झाडे म्हणजे भांडवल. पहिल्या वर्षी त्यांच्यावर कष्ट व पाणी खर्च होते. दुसऱ्या वर्षापासून त्यांची मुळे खोल उतरतात आणि मागणी कमी होत जाते. वरची माती वाळली तरी खालच्या थरातील ओल त्यांना मिळत राहते. तिसऱ्या वर्षी अशा झाडाला आठवड्यातून एकदा पोटभर पाणी दिले तरी ते वैशाखातही हिरवे राहते.

श्रावक घरासाठी या निवडीला आणखी एक अर्थ आहे. गृहस्थाला आरंभ सर्वस्वी टाळता येत नाही, पण तो कमी नक्की करता येतो. दर वर्षी माती उकरणे, जुनी झाडे उपटणे, नव्या कोवळ्या रोपांवर कीड पडली म्हणून फवारणी करणे, हे सारे हंगामी बागेसोबत ओघानेच येते. बहुवर्षायू झाडासाठी खड्डा एकदाच खणावा लागतो. नंतर दहा-पंधरा वर्षे त्या मातीतील जीवसृष्टीला धक्का लावण्याचे कारण उरत नाही. कमी कष्टाची बाग आणि अधिक जयणेची बाग या दोन्ही गोष्टी येथे एकाच वाटेने साधतात.

आधी ऊन मोजावे

झाड आणण्यापूर्वी आपल्या परसात ऊन कोठे, किती वेळ असते, हे पाहणे अगत्याचे आहे. ऊन आवडणाऱ्या फुलझाडाला दिवसाकाठी किमान सहा तास थेट ऊन लागते. त्याहून कमी ऊन मिळाले तर झाड मरत नाही, पण पाने वाढतात आणि फुले रोडावतात.

धडगाव कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस, सुमारे २१.८ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्याच्या सुमारास भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि भिंतीची सावली जवळजवळ नाहीशी होते. याउलट डिसेंबरच्या उत्तरार्धात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे झुकून क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर राहतो. त्या दिवसांत भिंत जितकी उंच, जवळजवळ तितकीच लांब सावली तिच्या उत्तरेस पडते. दहा फूट उंच घराच्या उत्तरेकडील दहा फूट जागा थंडीत दुपारभर सावलीत जाते. ज्यांचे परस घराच्या उत्तरेस आहे त्यांनी हे ध्यानी ठेवून झाडे भिंतीपासून दूर, कुंपणाच्या बाजूस लावावीत. परस दक्षिणेस असेल तर भिंतीलगतही बारमाही ऊन मिळते. पश्चिमेकडील भिंतीजवळची जागा सर्वांत कठीण. दुपारभर तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. तेथे बोगनवेल अथवा पांढरा चाफाच टिकतो.

खड्डा केव्हा खणावा

सातपुड्याचा हा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा. वर मातीचा पातळ थर आणि खाली मुरूम. अशी जमीन पाणी धरून ठेवत नाही हा तिचा दोष, आणि पाणी तुंबू देत नाही हा तिचा गुण. पुष्कळशी फुलझाडे तहानेने मरण्यापेक्षा मुळाशी साचलेल्या पाण्यानेच अधिक मरतात. म्हणून मुरमाड जमिनीची खंत करू नये. दीड फूट लांब, तितकाच रुंद आणि खोल खड्डा घेऊन त्यातील मोठे दगड काढावेत. निघालेल्या मातीत तिच्या निम्मे चांगले कुजलेले शेणखत अथवा पालापाचोळ्याचे खत मिसळून खड्डा पुन्हा भरावा. खड्डा भरण्यापूर्वी त्यात एक बादली पाणी ओतून पाहावे. पाणी रात्रभर तसेच राहिले तर तळाशी कातळ आहे असे समजावे आणि त्या जागी जमिनीवर एक फूट उंच वाफा करून लागवड करावी.

हे खणण्याचे काम वैशाखात, माती पूर्ण कोरडी असताना उरकणे उत्तम. कोरड्या दिवसांत गांडुळे व इतर जीव खोल थरात, ओलीच्या आश्रयाला गेलेले असतात. पहिला पाऊस पडताच ते वर येतात आणि वरची वीतभर माती जिवंत होते. ओल्या मातीत कुदळ चालविणे म्हणजे नेमक्या त्याच वेळी त्यांच्यावर घाव घालणे.

लागवडीचा मुहूर्तही असाच विचार करून निवडावा लागतो. या भागात मोसमी पाऊस साधारणतः जूनच्या उत्तरार्धात स्थिरावतो. आषाढ शुद्ध पक्षाच्या अखेरीस चातुर्मास सुरू होतो आणि अनेक घरांत हिरवळ तोडणे, माती उकरणे तेव्हापासून थांबते. या दोहोंच्या मध्ये सापडणारा काळ कधी दोन आठवड्यांचा, कधी चार आठवड्यांचा असतो. खड्डे आधीच तयार असतील तर या अवधीत रोपे लावण्याचे काम अर्ध्या दिवसाचे आहे. नसतील तर पाऊस लागतो, बाजारात बी-बियाण्याची गर्दी होते, दुकान सोडवत नाही आणि पाहता पाहता चातुर्मास येऊन ठेपतो. मग त्या वर्षीची लागवड राहून जाते, अथवा व्रताला मुरड घालून केली जाते. वैशाखातील एक सकाळ ही अडचण टाळते.

कोणती झाडे लावावीत

जास्वंद हे परसातील पहिले झाड असावे. एकेरी लाल फुलांची गावठी जास्वंद संकरित रंगीत जातींपेक्षा पुष्कळ काटक असते. तिचे फूल साधारणतः एकच दिवस टिकते, पण झाड ऊन असेपर्यंत रोज नवी फुले देते. जास्वंदीला फूल नव्या फुटव्यावर येते; म्हणून माघात, थंडी ओसरू लागली की फांद्या एक तृतीयांश कमी केल्या तर उन्हाळाभर बहर राहतो. दोन झाडांत चार ते पाच फूट अंतर ठेवावे.

तगर हे दुसरे. तिच्या पांढऱ्या फुलांना सायंकाळनंतर मंद सुवास येतो. एकेरी तगर आणि दुहेरी तगर असे दोन प्रकार मिळतात. कमी पाण्यात एकेरी अधिक तग धरते. ती थोडी सावलीही सोसते, त्यामुळे ज्या कोपऱ्यात चार-पाच तासच ऊन येते तेथे तिला जागा द्यावी. उमलून झालेली फुले ती आपोआप गाळते. वाळकी फुले खुडत बसावे लागत नाही.

फुले तोडण्याचा ज्यांना संकोच वाटतो त्यांच्या परसात पारिजातक असावा. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडीपर्यंत रात्री उमललेली त्याची फुले पहाटे स्वतःहून जमिनीवर येतात. केशरी देठाच्या त्या सड्यातून हवी तेवढी वेचून घ्यावीत, झाडाला हातही लावावा लागत नाही. पारिजातक दहा-बारा फूट वाढतो, म्हणून तो कुंपणाच्या कडेला लावावा आणि खाली स्वच्छ झाडलेली जागा ठेवावी. पांढरा चाफा, ज्याला काही जण खुरचाफा म्हणतात, तोही आपली फुले अशीच खाली टाकतो. मध्य अमेरिकेतून आलेले हे झाड थंडीत पाने झाडून अगदी निष्पर्ण होते. ते मेले असे समजून पुष्कळ जण त्यावर पाणी ओततात आणि मूळ कुजवितात. निष्पर्ण चाफ्याला पाणी देऊ नये. फाल्गुन-चैत्रात तो स्वतःच जागा होतो. त्याची फांदी लावायची असेल तर कापल्यावर आठवडाभर सावलीत ठेवून तिचा चीक सुकू द्यावा आणि मगच ती मातीत रोवावी.

मोगऱ्याला ऊन अतिशय प्रिय. त्याचे रहस्य पाणी देण्यात जितके, तितकेच पाणी तोडण्यात आहे. मार्गशीर्षात पाणी कमी करावे, पौषात छाटणी करून खत द्यावे आणि माघापासून पुन्हा पाणी सुरू करावे. विश्रांती मिळालेला मोगरा चैत्र-वैशाखात, म्हणजे इतर बाग निस्तेज असते नेमक्या त्याच दिवसांत, भरभरून फुलतो. बारमाही सारखे पाणी मिळालेला मोगरा मात्र पानांनीच भरतो.

बोगनवेलीचेही तसेच. तिचे रंगीत भाग म्हणजे पाकळ्या नव्हेत, ती फुलाभोवतीची पाने. खरे फूल त्यांच्या मधोमध, बारीक आणि पांढरट असते. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वेल, आणि तिला नाव मिळाले ते १७६६ ते १७६९ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या लुई आंत्वान द बूगनव्हील या फ्रेंच दर्यावर्द्याचे. पाण्याचा ताण बसला की ती अधिक रंगते. तिला काटे असतात, म्हणून मुलांच्या खेळण्याच्या वाटेवर न लावता पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर अथवा फाटकावर चढवावी.

कोरांटी ही मात्र अगदी आपली. पिवळी, पांढरी, जांभळी, गुलाबी अशा रंगांत ती मिळते आणि पावसाळा सरल्यावर, आश्विन ते पौष, म्हणजे इतर झाडांचा बहर उतरत असताना फुलते. पिवळ्या कोरांटीला काटे असल्याने दोन-दोन फुटांवर लावलेली तिची रांग शेळ्यांना अडविणारे कुंपणही होते. गोकर्णाची निळी वेल तारेच्या जाळीवर सोडावी. ही शेंगवर्गीय वेल आपल्या मुळांवरील गाठींतील जिवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र जमिनीत आणते आणि शेजारच्या झाडांनाही उपकारक ठरते. तिच्या बियांचे कवच कठीण असते. त्या रात्रभर पाण्यात भिजवून पेराव्यात.

निशिगंध, कर्दळ, पावसाळी लिली ही कंदांपासून येणारी झाडेही ऊन सोसतात आणि एकदा लावली की वर्षानुवर्षे फुलतात. निशिगंधाचे कंद मात्र काही वर्षांनी उकरून विरळ करावे लागतात. कंद उकरण्यास ज्या घरांत मनाई आहे त्यांनी तो मार्ग सोडून वरील झाडांवरच समाधान मानावे. फुलांची वाण त्यामुळे पडणार नाही.

डोंगरातील धायटीही परसात आणण्याजोगी आहे. थंडीच्या अखेरीस सातपुड्याच्या उतारांवर तिची लालभडक, नळीसारखी फुले दिसतात आणि मधमाश्यांची त्यांवर गर्दी होते. आसव-अरिष्टे तयार करताना हीच फुले वापरली जातात, म्हणून वनौषधींच्या व्यापाऱ्यांना ती परिचित आहेत. दगडाळ उतार आणि कडक ऊन हेच तिचे घर असल्याने परसात तिला जवळजवळ काहीच लागत नाही. रोप मात्र वनविभागाच्या अथवा खाजगी रोपवाटिकेतूनच घ्यावे, डोंगरातून उपटून आणू नये. मोठे झालेले झाड उपटले की बहुधा ते येथेही जगत नाही आणि तेथेही उरत नाही.

सदाफुली : फूल घ्यावे, पान चघळू नये

सदाफुलीइतके बिनतक्रार झाड क्वचितच असेल. मादागास्कर बेटावरून जगभर पसरलेले हे झुडूप भिंतीच्या भेगेतही उगवते, शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत आणि बारा महिने त्याला फुले असतात. एक-एक फुटावर लावले तर वर्षभरात सलग ताटवा होतो. पुढे बी पडून नवी रोपे आपोआप येत राहतात. पाणी साचू न देणे, एवढीच त्याची अट.

परंतु या झाडाविषयी एक इशारा देणे आवश्यक आहे. व्यापारी कुटुंबांत बैठे काम अधिक आणि मधुमेहही अधिक आढळतो. सदाफुलीची पाने अथवा फुले रोज सकाळी चघळल्याने साखर उतरते, ही समजूत महाराष्ट्रभर आहे आणि ती आपल्याच देशापुरती नाही. जमैकातील लोकही तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. त्याचीच पडताळणी करताना कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या संशोधकांना वेगळेच आढळले. अर्क दिलेल्या उंदरांच्या रक्तातील साखरेवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही, मात्र त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. या निरीक्षणातून १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टीन हे द्रव्य पुढे आले. त्याचेच भावंड असलेले व्हिन्क्रिस्टीन बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारात आजही वापरले जाते. जे द्रव्य डॉक्टर रुग्णालयात, मिलिग्रॅममध्ये मोजून, रक्त तपासत देतात, ते ज्या पानांत आहे ती पाने अंदाजाने चघळणे धोक्याचे आहे. पांढऱ्या पेशी घटल्या की साध्या संसर्गाशी लढण्याची शरीराची शक्तीही घटते. सदाफुली परसात जरूर असावी, औषध मात्र वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे.

टाळावयाची झाडे

कण्हेर ऊन सोसते, पाणी मागत नाही आणि फुलते भरघोस. महामार्गांच्या दुभाजकांवर ती याच गुणांमुळे दिसते. पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि ते विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते. छाटलेल्या, वाळलेल्या पानांतही ते टिकते. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बियाही तितक्याच घातक. मुले त्या खेळायला घेतात. ज्या घरात लहान मुले आहेत, अथवा ज्या परसात शेजारची गाय-शेळी येते, तेथे ही दोन्ही झाडे लावू नयेत. लावलेली असतील तर छाटणीचा पाला उकिरड्यावर उघडा टाकू नये. गुरांच्या तोंडी लागणार नाही अशा जागी पुरावा.

दुसरे टाळावयाचे झाड म्हणजे घाणेरी, अर्थात टणटणी. तिच्या रंगीबेरंगी फुलांच्या नव्या जाती रोपवाटिकांत विकल्या जातात. मूळची अमेरिकेतील ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली गेली आणि तेथून देशभरच्या जंगलांत पसरली. तिची काळी फळे पक्षी खातात आणि बी दूरवर टाकतात. ती जेथे माजते तेथे गवत व स्थानिक झुडपांची रोपे वाढू शकत नाहीत. गुरांनी खाल्ली तर त्यांचे यकृत बिघडते. सपाटीवरील शहरात एक घाणेरी लावणे आणि चहूबाजूंनी जंगल असलेल्या धडगावात लावणे, यांत फरक आहे. येथे परसातील फळ आणि डोंगराचा उतार यांच्यामध्ये एका पक्ष्याच्या उड्डाणाचेच अंतर असते. त्या डोंगरावर मोहाची फुले, चारोळी आणि आंबे गोळा करणाऱ्या कुटुंबांचा संसार चालतो, आणि तोच माल पुढे बाजारात येतो. शोभेच्या एका झुडपासाठी हे ओझे डोंगरावर टाकू नये.

पाण्याचा हिशेब

दहा मोठी झाडे, प्रत्येकाला आठवड्यातून एकदा पाच लिटर, म्हणजे आठवड्याला पन्नास लिटर. कडक उन्हाळ्यात हे दुप्पट धरले तरी शंभर लिटर, अर्थात दिवसाला पंधरा लिटरांच्या आत. भाज्या व डाळ-तांदूळ धुतलेले पाणी साठविले तर मध्यम कुटुंबात यातील बराचसा भाग त्यातूनच भागतो. पिण्याचे पाणी बागेला घालण्याची वेळ येऊ नये. साबण-सोड्याचे पाणी मात्र झाडांना नको; येथील जमीन आधीच अल्कधर्मी, त्यात सोड्याची भर पडली की पाने पिवळी पडतात.

रोज थोडे पाणी शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा सावकाश, खोलवर मुरेल असे द्यावे. रोजच्या शिंपणाने मुळे वरच राहतात आणि पहिल्याच उन्हाच्या झळीत होरपळतात. नव्या रोपांना अर्थातच पहिले वर्षभर तीन-चार दिवसांनी पाणी हवे. बुंध्याभोवती वाळलेल्या पानांचा तीन बोटे जाड थर पसरावा. तो बुंध्याला चिकटू देऊ नये. या आच्छादनाने ओल टिकते आणि तण कमी उगवते, म्हणून ते उपटावेही कमी लागते. पाणी सकाळी, उजेडी द्यावे. अंधारात पायाखाली काय येते ते दिसत नाही.

लग्नकार्य, यात्रा अथवा गुरुदर्शन यांसाठी घर आठ-दहा दिवस बंद राहण्याचे प्रसंग येतातच. त्यासाठी झिलई नसलेले मातीचे मडके झाडापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरून ठेवावे आणि निघताना पाण्याने भरावे. ते पाझरत राहते आणि मुळांना हवी तेवढी ओल देते. त्याचे तोंड घट्ट झाकावे, म्हणजे त्यात कीटक पडून मरणार नाहीत आणि डासांची पैदासही होणार नाही.

कीड येऊ नये म्हणून

कीडनाशकाचा प्रश्न श्रावक घराला सर्वांत अवघड वाटतो. यावर उपाय असा की कीड मारण्याचा प्रसंगच शक्यतो येऊ देऊ नये. मावा कोवळ्या, रसरशीत शेंड्यांवर येतो आणि असे शेंडे नत्राच्या अतिरेकाने फुटतात. दुकानात युरियाची गोणी फुटलेली असते, म्हणून मूठभर झाडाला टाकणे ही सवय माव्याला निमंत्रण देते. वर्षातून दोनदा कुजलेले खत पुरेसे आहे. झाडे दाटीने लावू नयेत. वारा खेळता राहिला की रोग कमी येतात. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर सुरुवातीलाच तेवढा शेंडा अलगद छाटून परसाबाहेर दूर ठेवावा. माव्यावर ताव मारणारे ठिपक्यांचे छोटे लाल भुंगे दिसले तर त्यांना त्यांचे काम करू द्यावे. चार पाने खाल्ली गेली तर बहुवर्षायू झाडाचे काही बिघडत नाही; पुढच्या बहरात ते भरून काढते.

वर्षाचा क्रम

वैशाखात खड्डे. जूनच्या पावसात, चातुर्मासापूर्वी, लागवड. चातुर्मासात काहीही करू नये. पाऊस आणि झाड आपले काम करीत असतात. कार्तिकी पौर्णिमेनंतर खत आणि आच्छादन. पौषात मोगऱ्याची, माघात जास्वंदीची छाटणी. छाटलेल्या जास्वंदीच्या फांद्यांतूनच वीतभर लांबीचे तुकडे निवडून सावलीत कुंडीत रोवावेत, म्हणजे नव्या रोपांसाठी वेगळी फांदी तोडावी लागत नाही. फाल्गुनात आच्छादन वाढवावे, आणि चैत्रापासून पाण्याचा आठवड्याचा वार पक्का करावा.

पहिल्या वर्षी पाचच झाडे पुरेत : एक जास्वंद, एक तगर, एक मोगरा, कुंपणाशी पारिजातक आणि फाटकाशी बोगनवेल. घरातील ज्येष्ठांनाही झेपेल इतकेच हे काम आहे, आणि ते कोणा एकीच्याच वाट्याला टाकू नये. आठवड्याच्या पाण्याचा वार दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी ठेवला तर मुले व पुरुषमंडळीही हाताशी असतात. दुसऱ्या वर्षी माघातील छाटणीतून आलेली जास्वंदीची रोपे शेजारी द्यावीत; ज्या रोपाने धडगावचा एक उन्हाळा काढला आहे त्याच्या फांदीतून आलेले रोप बाहेरून आणलेल्या रोपापेक्षा येथील हवेत अधिक भरवशाचे असते.